मे महिन्यातली थंडी

१२ मे २०२४

खताच्या दुकानातून मिळालेली ही डायरी जानेवारीपासून कपाटावर कोरी पडून होती. आज उघडली. पहिल्या पानावरच्या छापील रकान्यांत लिहिलं: शाम खेमसिंग राठोड, लाइनमन, दिग्रस. रक्तगटाचा रकाना सोडला, माहीत नाही. लिहायला बसलं की हातात शाळेतलं मराठी येतं, बोलताना येत नाही. पण ज्या गोष्टी बोलताच येत नाहीत त्या कुठंतरी टाकायला पाहिजेत.

आज पंचेचाळीस डिग्री होतं. खांबावर चढलो तर हातमोज्यातूनही लोखंड भाजत होतं. दुपारी तांड्यावर जेवायला आलो. आतल्या खोलीत वर्षा स्वेटर घालून, वर गोधडी घेऊन झोपलेली. कूलर बंद.

"काय वं, ताप आला काय?"

"नाही. थंडी वाजून राह्यली."

कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता, उलट कपाळ गार होतं. उठली, भाकर वाढली, आणि मी जेवत असताना भिंतीला टेकून पुन्हा झोपली.

लग्नाला सहा वर्षं झाली. तीन वेळा दिवस गेले आणि तिन्ही वेळा तिसरा महिना लागायच्या आधी पोट पडलं. शेवटचं फेब्रुवारीत. तेव्हापासून ती अशीच आहे. काही विचारलं तर उत्तर उशिरा देते, जसा आवाज लांबून यावा. आणि आवाजही बदलला. जड, घोगरा. आमच्या लग्नात तिनं गायलेलं ऐकून पलीकडच्या तांड्यातले लोक उठून आले होते.

मला वाटतं तिला माझा कंटाळा आला. तसं असेल तर मी काय करू?

१९ मे

देवीलाल काका आले होते. बाचे चुलत भाऊ. आर्णीकडच्या तांड्यात एक मुलगी आहे म्हणाले. "पहिली राहूनच करा नं. तिले कोन हाकलते? घरात लेकरू तर खेळन."

बा तंबाखू मळत राहिले, हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. याडी, म्हणजे माझी आई, म्हणाली, "दिवसभर झोपते, रातभर झोपते. एवढी झोप कुठून आनते मले समजत नाही. पोहरादेवीले नवस केला तं तिथंबी बसल्या बसल्या झोपली."

मी म्हटलं, "काका, उन्हाचे आले, पानी प्या अन् जा." एवढंच सुचलं. पाणी वर्षानंच आणून दिलं. म्हणजे ती दाराआड होती.

१ जून

वादळानं दोन दिवस घरी आलो नाही. आरंभी गावापासून पुढं खांबच खांब पडले होते. आज आलो तर माझे सगळे शर्ट धुऊन घडी घातलेले. तुटलेली बटणं लावलेली. जी दोन वर्षांपासून नव्हती तीसुद्धा. युनिफॉर्मच्या खिशाला शिवण घातलेली. एवढं काम तिनं कितीक महिन्यांत केलं नव्हतं.

मग म्हणाली, "म्या दादाले फोन केला. परवा येऊन राह्यला. मी माहेरी जातो."

"किती दिवस?"

"तुम्ही काकाले हो म्हना."

जायची घाई एवढी की दोन दिवसांत सगळं आवरून मोकळी झाली. माणसाचं मन उडालं की उडालं.

३ जून

शंकरसिंग दादा आले. तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, बोलणं कमी. तिला बघून चपला काढायचे विसरले. "पोरीचं तोंड एवढं सुजलं कायनं?"

मी रोज बघतो म्हणून मला दिसलं नव्हतं. खरंच, डोळ्यांखाली पाणी भरल्यासारखं, ओठ जाड, कपाळ पिवळट. अशी सुजलेली मुलगी मी माहेरी पोचवली तर सासूबाई काय म्हणतील या भीतीनंच मी म्हटलं, मीही पुसदपर्यंत येतो, आधी दवाखान्यात दाखवू. हेच खरं कारण आहे. इथं तरी खोटं कशाला लिहू.

पुसदला डॉ. अर्पिता मॅडम म्हणून आहेत. वयानं आमच्याएवढ्या. मी सांगायला लागलो की सूज आहे, थकवा आहे, एखादं सलाईन लावा. त्यांनी हातानंच मला थांबवलं. त्या वर्षाच्या स्वेटरकडे बघत होत्या. बाहेर रस्त्यावर डांबर वितळत होतं.

"थंडी वाजते तुम्हाला?"

वर्षानं मान हलवली.

"केस गळतात? पोट साफ होत नाही? सारखी झोप?"

प्रत्येकाला मान हलवत गेली.

"आवाज पहिल्यापासून असाच आहे?"

यावर ती थांबली. "आंधी मी गात होती, मॅडम," म्हणाली, आणि जी रडायला लागली ती थांबेचना. तीन वेळा पोट पडलं तेव्हाही ती अशी रडली नव्हती.

मॅडमनी तिला ग्लासभर पाणी दिलं. "मान थोडी वर करा. हळूहळू घोट घ्या." मग मला म्हणाल्या, "तुम्हीही बघा."

मी बघितलं. ती घोट घ्यायची आणि गळ्याशी, काळ्या मण्यांच्या जरा वर, कातडीखाली काहीतरी वर सरकायचं आणि खाली यायचं. लहान पाखरू मुठीत धरलं की जसं हलतं तसं. सहा वर्षं मी या गळ्याकडे बघतो आहे.

"थायरॉइडची ग्रंथी," मॅडम म्हणाल्या. "सगळ्यांनाच असते. यांची सुजली आहे."

मग मुलाबाळांचं विचारलं. मी तिन्ही वेळचं सांगितलं. पहिलं दिग्रसला, दुसरं यवतमाळला, तिसऱ्या वेळी दवाखान्यात गेलोच नव्हतो. मॅडमनी पेन खाली ठेवलं. तिन्ही गोष्टी एका माणसासमोर आम्ही आजच पहिल्यांदा ठेवल्या होत्या, हे मला त्यांच्या तोंडाकडे बघून कळलं.

रक्त दिलं. दादा तिला घेऊन माहेरी गेले. मी एकटाच दिग्रसच्या गाडीत बसलो.

५ जून

रिपोर्ट घ्यायला पुसदला. टीएसएच नावाचं काहीतरी असतं, ते चारच्या आत पाहिजे. वर्षाचं सत्तरच्या वर.

मॅडमनी समजावलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो. गळ्यातली ग्रंथी एक रस बनवते. त्यावर सगळं शरीर चालतं, ऊब, झोप, पोट, केस, मन, आणि पोटातलं बाळसुद्धा. वर्षाचं शरीर आपल्याच ग्रंथीला परकी समजून मारतं आहे. रस कमी पडला की मेंदू ग्रंथीला हाक मारतो, काम कर, काम कर. टीएसएच म्हणजे ती हाक. "सत्तर म्हणजे मेंदू जिवाच्या आकांतानं ओरडतोय," मॅडम म्हणाल्या.

मी खुर्चीत बसून राहिलो. माझी बायको दिवसभर शब्द बोलत नव्हती, आणि तिच्या आत कोणीतरी एवढ्या मोठ्यानं ओरडत होतं.

"मग लेकरं यानंच गेले काय?"

"यानंच गेले असं छातीठोक कोणी सांगू नये. बाकीच्या तपासण्याही करू. पण एवढं बिघडलेलं असताना गर्भ टिकणं फार अवघड. हे आधी दुरुस्त करायचं, मग पुढचं."

गोळी दिली. मला वाटलं होतं मोठं काही इंजेक्शन असेल. बोटाच्या टोकावर ठेवली तर नखाएवढीही नाही. फुंकर मारली तर उडेल. रोज सकाळी उपाशीपोटी पाण्यासोबत, मग तासभर चहा नाही. बहुतेक जन्मभर.

मी लाइनमन आहे. एवढाशा फ्यूजवर गावच्या गाव अंधारात जातं हे मी रोज बघतो. तरी विश्वास बसत नव्हता.

६ जून

सुट्टी टाकून सासुरवाडीला गेलो. वर्षा अंगणात उन्हात बसलेली, स्वेटर घालून. गोळ्यांचा डबा तिच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं.

तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "याच्यानं लेकरू होईनच असं म्हनलं काय मॅडमनं?"

"नाही."

"मंग कायले आले तुम्ही?"

"तुले थंडी वाजनार नाही असं म्हनलं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी काही विशेष बोललो नव्हतो. मॅडमनी सांगितलं तेच सांगितलं. पण ती उठली आणि आत जाऊन पिशवी भरायला लागली.

गंगी सासूबाई दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांचा पदर नेहमी गळ्याभोवती गुंडाळलेला असतो, मी रीत समजत होतो. त्या जवळ येऊन बसल्या आणि पदर सोडला. गळ्याला केवढी गाठ. मुलीच्या चौपट.

"मलेबी थंडी वाजे," म्हणाल्या. "शंकर झाला, मंग किती गेले. दहा वर्षं काहीच टिकलं नाही. मंग हे पोरगी झाली. लोक म्हनत, हे काहून जगली? मीबी म्हनो, काहून जगली?"

वर्षाला हे माहीत नव्हतं. शंकरसिंग दादालाही नव्हतं. कोणतीही गोळी नाही, डॉक्टर नाही, आईच्या अंगात ऊब नाही, आणि त्या गारठ्यातून ही एकटी मुलगी कशी आली असेल? मी तिच्याकडे असा बघत होतो की ती म्हणाली, "पाहून काय राह्यले, पिशवी धरा."

सासूबाईंनाही मॅडमकडे न्यायचं ठरलं.

१६ जून

देवीलाल काका परत आले. मी बोलायच्या आधी बा बोलले. वर्षभरात त्यांचं एवढं मोठं वाक्य मी ऐकलं नव्हतं. "सून बिमार आहे, देवीलाल. बिमार मानसाले दवाखान्यात नेतात, बदलत नाही."

काका चहा न घेता गेले.

२ जुलै

वर्षा रोज पहाटे उठून गोळी घेते आणि तासभर ओट्यावर बसते. याडीनंही हल्ली सकाळचा चहा उशिरा घ्यायला सुरुवात केली. चुलीवर आधण ठेवायचं नावच घेत नाही. मी विचारलं तर म्हणाली, "इच्छा होत नाही सकाळी सकाळी." वयानं होत असेल. मला मात्र चहाविना ड्यूटीवर जावं लागतं.

११ ऑगस्ट

आज एक गोष्ट झाली. उकाडा भयंकर, पाऊस थांबलेला. वर्षा भाकरी थापत होती. मी बघतो तर तिच्या कपाळावर, केसांच्या खाली, एक थेंब. तो भुवईपर्यंत आला आणि गालावरून खाली गेला.

"वर्षा, तुले घाम आला."

तिनं पिठाच्या हातानंच कपाळ पुसलं आणि बोटांकडे बघितलं. "हाव वं माय," म्हणाली, "घाम आला!" आणि याडीला दाखवायला बाहेर पळाली. पळाली! याडीनं तिचं कपाळ आपल्या पदरानं पुसलं आणि तो पदर कितीतरी वेळ तसाच हातात धरून बसली.

आम्ही तिघं घामाकडे बघून असे हसत होतो की बाहेरून कोणी बघितलं असतं तर वेडे म्हटलं असतं. स्वेटर धुऊन ट्रंकेत टाकला.

२३ सप्टेंबर

टीएसएच अडीच. बाकी तपासण्या चांगल्या. मॅडम म्हणाल्या, आता विचार करायला हरकत नाही. मी छताच्या पंख्याकडे बघितलं. वर्षा माझ्याकडे बघून हसत होती. हे हसणं मी विसरलो होतो. म्हणजे तिला माझा कंटाळा आला नव्हता. हे सुचायला मला चार महिने लागले.

४ नोव्हेंबर

दिवस राहिले.

त्याच दिवशी पुसदला. मॅडमनी ताबडतोब गोळी वाढवली. म्हणाल्या, पहिले तीन महिने बाळाची स्वतःची ग्रंथी कामाला लागलेली नसते, ते आईच्याच रसावर वाढतं. त्याचा मेंदूसुद्धा. आता दर महिन्याला रक्त तपासायचं. लोहाची गोळी सकाळच्या गोळीजवळ घ्यायची नाही, चार तास सोडून घ्यायची, नाहीतर ही अंगी लागत नाही.

तांड्यात कोणाला सांगितलं नाही. मीही इथं जास्त लिहीत नाही. भीती वाटते.

१२ नोव्हेंबर

सोनोग्राफीच्या खोलीत मलाही येऊ दिलं. पडद्यावर राखाडी धूर. धुरात एक काळा गोल. गोलात तुरीच्या दाण्याएवढं काही. आणि त्या दाण्यात काहीतरी लुकलुकत होतं.

"हे हृदय," मॅडम म्हणाल्या.

मी आयुष्यभर दिवे लावले आहेत. एवढा लहान आणि एवढ्या घाईत लुकलुकणारा दिवा बघितला नव्हता. हात-पाय नाहीत, चेहरा नाही, आणि काम सुरू झालेलं. कोणी सांगितलं त्याला सुरू हो म्हणून? मॅडमना विचारणार होतो, पण त्यांनाही कदाचित ठाऊक नसेल असं वाटलं.

वर्षानं पडद्याकडे बघितलंच नाही. डोळे मिटून पडली होती. "आता नोको दाखवू," म्हणाली. "दुसऱ्या बारीबी दिसलं होतं."

१२ डिसेंबर

दुपारी खांबावर असताना याडीचा फोन. "ये." बाकी काही बोलली नाही.

वर्षाला डाग लागला होता. मागच्या तिन्ही वेळी सुरुवात अशीच झाली होती. गाडी मिळेपर्यंत ती ओट्यावर बसून होती. पुसदच्या रस्त्यानं तिनं माझा हात धरला नाही, स्वतःचा गळा धरला होता. त्या पाखरावर हात ठेवून बसली होती. मी देवांची नावं घेत होतो, मग नावं संपली.

मॅडम पडदा लावत होत्या तेव्हा मला बघवेना. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड केलं. मग खोलीत आवाज आला. या वेळी त्यांनी आवाज चालू केला होता. टापांसारखा. कोणीतरी जोरात पळत यावं तसा.

"आहे," मॅडम म्हणाल्या. "डाग कधीकधी लागतो. घाबरू नका, आराम करा. बाळ छान आहे."

वर्षानं डोळे उघडले आणि पहिल्यांदा पडद्याकडे बघितलं. ते आता दाणा नव्हतं. त्याला डोकं होतं, आणि एक हात वर. ती इतका वेळ बघत राहिली की मॅडमनी यंत्र बाजूला केलं नाही. दुसरा पेशंट बाहेर थांबला होता तरी.

५ जानेवारी २०२५

तिसरा महिना गेला. गेला! आज याडीनं तांड्याला सांगितलं.

सासूबाई शेवटी मागच्या महिन्यात मॅडमकडे आल्या, त्यांचंही तेच निघालं. गोळी सुरू होऊन महिना झाला. फोनवर सांगत होत्या, थंडीचे दिवस असून रात्री गोधडी फेकली म्हणून. या वयात, एवढ्या वर्षांनी. त्या हसत होत्या.

१४ मार्च

होळीची लेंगी झाली. दरवर्षी तांड्यातल्या बायका गोल धरून गातात. मागच्या होळीला वर्षा घरातच होती. यंदा पाचवा महिना संपलेला, तिला नाचायचं नव्हतं, नुसती कडेला खुर्चीवर बसली होती. गाणाऱ्या बायका एका ओळीवर अडल्या. पुढचं कोणाला आठवेना.

खुर्चीवरून ती ओळ आली.

मी डफ वाजवणाऱ्यांमध्ये उभा होतो. हात तसाच वर राहिला. आवाज पूर्वीसारखा नव्हता, हे खरं लिहितो. खालून थोडा भरीव झाला होता, पण वर जाताना स्वच्छ होता, आणि तो वर वर जात राहिला. बायका गप्प झाल्या. म्हातारे ओट्यावरून उतरून आले. देवीलाल काकाही आले. मध्येच ती पोटावर हात ठेवून थांबली. मला वाटलं काही झालं. पण ती म्हणाली, "लाथ मारली," आणि पुढं गायली.

३ जुलै

मुलगी झाली. पहाटे, यवतमाळला. वजन चांगलं, रडणं खणखणीत.

सकाळी नर्सबाई बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घ्यायला आल्या, थायरॉइड तपासायला. मी पुढं होऊन टाच धरली. माझ्या अंगठ्याएवढी टाच. सुई टोचल्यावर तिनं पाचही बोटं अशी फाकवली, की मी माफी मागितली, मोठ्यानं. याडी आणि सासूबाई हसल्या.

नर्सबाई नाव लिहून घेत होत्या. "आईचं नाव? गाव? पहिलंच लेकरू नं?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं.

"चौथं," वर्षा म्हणाली.

नर्सबाईंनी मान वर केली. खोलीत एकच बाळ होतं. याडीनं एकदा वर्षाकडे बघितलं आणि मग नर्सबाईंना म्हणाली, "हाव. चौथं."

नर्सबाईंनी काय लिहिलं ते मला दिसलं नाही. वर्षानं हात पुढं केले. मी बाळ तिच्याजवळ दिलं आणि बाजूला झालो, जणू आणखी कोणाला बसायला जागा लागणार होती.